पुलाच्या विटा कोपऱ्यावर पकडल्या जातात

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरचा पहिला पूल तयार झाला तेव्हा मी भाच्याला तो दाखवायला नेलं, वय वर्षं नऊ, आणि त्याने गाडी बघायच्या आधी पुलाच्या बाजूला डोकं घातलं, मग खालून वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हा खोका आहे ना गं? वरून विटांचा कागद लावलायस." कागद नव्हता हो, चांगली विटांचा उठाव असलेली प्लॅस्टिकची शीट होती, रंगवायला तीन संध्याकाळी गेल्या होत्या. पण पोरगं बरोबर बोललं होतं. मी एवढे दिवस समोरून बघत होते आणि समोरून पूल झकास दिसत होता, त्याने मात्र बाजूने बघितलं.

समोरची शीट कोपऱ्याशी सरळ कापलेली, बाजूची शीट तिला आपटून चिकटवलेली, मधे एक बारीक उभी फट वरपासून खालपर्यंत. खऱ्या बांधकामात अशी उभी फट असती तर तो पूल कधीच पडला असता. वर आणखी मजा म्हणजे समोरचे थर आणि बाजूचे थर एका पातळीत नव्हते, अर्ध्या विटेचा फरक. आणि कमानीच्या पोटाला मी विटाच लावल्या नव्हत्या, कोण बघणार तिथे म्हणून करडा रंग मारून मोकळी झाले होते. तर बघणारा निघाला.

तेव्हापासून माझं असं मत झालंय की मॉडेलच्या पुलावर विटा कशा उमटवल्या हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की जिथे भिंत वळते तिथे त्या विटांचं काय होतं. कोपरा, कमानीची कड, कमानीचं पोट, कठड्याचा माथा. सपाट भिंत कुणालाही जमते. वळणावर मात्र कळतं की भिंतीला जाडी आहे की नुसतं कातडं आहे.

हे सुधारायचं म्हणून मी आधी बाँड, म्हणजे विटा रचायच्या पद्धती, नीट वाचून काढले, जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. घराच्या नव्या भिंतींवर आपण बघतो ते सगळ्या विटा लांबीने दिसणारं काम, स्ट्रेचर बाँड, ते अर्ध्या विटेच्या पातळ भिंतीचं असतं. पुलाची भिंत अनेक विटा जाड असते, मग काही विटा आत खोलवर आडव्या घुसवाव्या लागतात म्हणजे जाडी एकमेकीत बांधली जाते, आणि त्या विटांचं फक्त डोकं बाहेर दिसतं, तो हेडर. जुन्या विटांच्या रेल्वे पुलांवर बहुतेक वेळा इंग्लिश बाँड दिसतो, एक थर पूर्ण स्ट्रेचर, त्याच्यावर एक थर पूर्ण हेडर, परत स्ट्रेचर. फ्लेमिशमध्ये एकाच थरात एक लांब एक आखूड अशा विटा येतात, दिसायला तो जास्त देखणा पण ताकदीत इंग्लिश सरस मानतात. मी पहिल्या पुलाला घराची शीट लावली होती, स्ट्रेचर बाँडवाली. म्हणजे भाचा म्हणाला ते शब्दशः खरं होतं, तो बाँडच सांगत होता की मी पातळ आहे.

आता शीट वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते जी मला कुणी सांगितली नाही. इंग्लिश बाँडमध्ये समोरच्या बाजूला जो थर स्ट्रेचरचा असतो तोच थर कोपरा वळला की हेडरचा होतो, कारण कोपऱ्यावरची वीट एकच, एका बाजूने तिची लांबी दिसते आणि दुसऱ्या बाजूने डोकं. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शीट एकाच थरापासून सुरू करून चिकटवल्या तर थर जुळतात पण वीट जुळत नाही. बाजूची शीट बरोबर एक थर वर सरकवून कापायची. कडा ४५ अंशात घासून घ्यायच्या, जोडायच्या, मग कोपऱ्यावर आडव्या सांध्यांमध्ये धारदार सुरी किंवा त्रिकोणी कानस एकेकदा फिरवायची, म्हणजे रेघ कोपरा ओलांडून पलीकडे जाते. याला एका कोपऱ्यामागे वीसेक मिनिटं लागतात, अख्ख्या पुलावर याच्याइतकं फळ देणारी दुसरी वीस मिनिटं नाहीत.

हेडरच्या थरात कोपऱ्यावरच्या पहिल्या हेडरला लागून एक अर्ध्या रुंदीची चिंचोळी वीट असते, क्वीन क्लोजर. ती नसली तर उभे सांधे एकावर एक येतात. माझ्या स्केलला ती ०.६५ मिलिमीटर. मी कोरते. लोक हसतात. हसू देत.

आकडे एकदा सांगून टाकते म्हणजे पुढचं कळेल. सांधा धरून वीट साधारण २२५ मिलिमीटर लांब आणि ७५ उंच असं आजचं ब्रिटिश माप आहे, जुनं नऊ इंच बाय तीन इंचवालं त्याच्याच आसपास. माझं मॉडेलचं स्केल एचओ, म्हणजे १:८७, त्याला ती २.६ बाय ०.८६ मिलिमीटर झाली, हेडर १.३ चा. सांधा दहा मिलिमीटरचा, तो होतो ०.११, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. माझ्या पुलाची एक बाजू कमानीची पोकळी वजा करून १२० चौरस सेंटिमीटर भरते, इंग्लिश बाँडने त्यात आठ हजारांच्या आसपास विटा दिसतात. एका बाजूला! हा हिशोब मी काम सुरू केल्यावर केला, आधी केला असता तर छंद बदलला असता. एन स्केलवाल्यांनी तर कोरण्याच्या भानगडीत पडूच नये असं मला वाटतं, १:१६० ला एक थर अर्ध्या मिलिमीटरहून कमी होतो, तिथे चांगला छापलेला कागद कोरीवकामाच्या तोंडात मारतो.

दुसरा पूल एक्सपीएस, म्हणजे घट्ट पॉलिस्टायरीन फोमचा केला. त्यावर बोथट बॉलपेनने रेघ मारली की छान दबते, चुरगळलेल्या फॉइलचा गोळा फिरवला की पृष्ठभाग खरबरीत होतो, काम भराभर होतं, अगदी प्रेमात पडले मी. दोन आठवडे रोज रात्री कोरत बसले. मग प्रायमरचा स्प्रे कॅन घेतला आणि फवारला. कॅनमधल्या सॉल्व्हंटने, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवाने, पॉलिस्टायरीन विरघळतं हे मला माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं, पण रात्री साडेअकराला माणसाला काय काय माहीत असतं त्यातलं काही आठवत नाही. डोळ्यांदेखत थर खचले, कमान आत ओढली गेली, पुलाचा मध्ययुगीन अवशेष झाला. नवऱ्याने येऊन बघितलं, काही न बोलता चहा ठेवला आणि गेला, ते बरं केलं. फोम वापरायचा तर आधी हाताने पाण्यातला रंग आणि पांढरा गोंद यांचे दोन हात द्या आणि कोरलेल्या फटांमध्ये तो पोचलाय हे तपासा, कारण सॉल्व्हंट नेमका फटीतून आत शिरतो.

तिसऱ्या पुलाला हवेत वाळणारी क्ले घेतली. तिचं नाव डास आहे, हो डासच, चावत नाही. पद्धत फार जुनी आणि फार साधी आहे. एमडीएफचा सांगाडा करायचा, त्यावर पांढरा गोंद चोपडायचा, गोंद ओला असतानाच क्लेचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा थर बोटाने दाबत पसरायचा, ओल्या बोटाने सपाट करायचा. जाड थर दिला की वाळताना आकसून भेगा पडतात, गोंद कमी पडला की पापुद्रा सुटतो. एक दिवस हात लावायचा नाही. पूर्ण वाळल्यावर मग कोरायचं, ओल्या क्लेवर रेघ मारली तर दोन्ही काठांना वरंबा उठतो आणि शेत नांगरल्यासारखं दिसतं. सुक्यावर कोरलं की भुकटी निघते, ती जुन्या टूथब्रशने झाडायची. हिचा मोठा फायदा म्हणजे कोपरा अखंड असतो. सांधाच नाही तर दिसेल काय!

आडव्या रेघांसाठी मी पट्टी वापरायचं सोडून दिलं. पट्टीने दहा-बारा थर झाले की चुकत चुकत अर्धा थर सरकतो, मग कमानीच्या डाव्या बाजूला ५२ थर आणि उजव्या बाजूला ५१. त्याऐवजी काच टेबलावर ठेवली, कोरणी एका लाकडी ठोकळ्यावर आडवी पक्की बांधली, आणि ठोकळ्याखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या एकेक वाढवत गेले. पूल काचेवर उभा करायचा आणि ठोकळा त्याच्याभोवती फिरवायचा. समोर, कोपरा, बाजू, पंखभिंत, पलीकडची बाजू, सगळीकडे एकच पातळी, कोपरा आपोआप जुळतो. अख्ख्या पुलाच्या आडव्या रेघा दोन तासांत झाल्या. उभ्या रेघांना मात्र शॉर्टकट नाही, छोट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक घासून ०.८ मिलिमीटर रुंद केलं आणि टक टक टक दाबत बसले, रेडिओ लावून, किती दिवस ते विचारू नका.

आता कमान. मला सगळ्यात जास्त इथे बोलायचंय, कारण चांगल्या चांगल्या मॉडेलवर कमान बघितली की मन खट्टू होतं. भिंतीचे आडवे थर सरळ कमानीच्या कडेपर्यंत आणलेले असतात आणि तिथे पोकळी सुरू, जणू कुणी भिंतीला गोल करवत लावली. विटांच्या कमानीत काठाने एकावर एक अशी कडी असतात, प्रत्येक कडं अर्ध्या विटेचं, समोरून नुसती विटांची डोकी दिसतात आणि त्यांचे सांधे केंद्राकडे रोखलेले. लहान गाळ्याला तीन-चार कडी, मोठ्याला पाच-सहा. एचओला एक कडं १.३ मिलिमीटर, म्हणजे चार कड्यांची पट्टी झाली पाच मिलिमीटरच्या वर, आणि भिंतीच्या आडव्या रेघेने तिच्या बाहेरच थांबायचं. एकही रेघ आत घुसली की संपलं.

बरं, कडी कोरताना मी आधी एक चूक केली जी फार सहज होते. केंद्रापासून पट्टी धरून आतल्या कड्यापासून बाहेरच्यापर्यंत एका फटक्यात सरळ रेघ मारली. दिसायला नेटकं दिसतं आणि तेच चुकीचं आहे. खऱ्या कामात वीट सगळीकडे तीच, सारख्याच जाडीची, पण वरच्या कड्याचा परीघ मोठा म्हणून तिथे विटा जास्त बसतात. माझी कमान अर्धवर्तुळाची आहे, आठ मीटर गाळा, मॉडेलवर त्रिज्या ४६ मिलिमीटर. आतल्या कड्यात १६८ विटा येतात, त्यावरच्यात १७३, मग १७८ च्या आसपास, प्रत्येक कड्याला चार-पाच वाढतात. म्हणजे सांधे कधी जुळतात कधी सरकतात, ती किंचित विस्कटलेली वीण डोळ्याला लगेच खरी वाटते. मी कॉम्प्युटरवर प्रत्येक कडं वेगळं आखलं, कागदावर छापलं, कमानीवर चिकटवलं आणि सुईने टोचून टोचून खुणा खाली उतरवल्या.

कमानीच्या पोटाला विटांचे थर कमानीच्या एका पायापासून दुसऱ्या पायाकडे जात नाहीत, पुलाच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत लांब जातात, बोगद्यात उभं राहून छताकडे बघितलं तर रुळांना समांतर. शीट लावणाऱ्यांना हे उलट सोपं पडतं, कारण त्या दिशेने शीट पटकन वाकते. फक्त ती परत उलगडायला बघते, म्हणून दोन पातळ शीट गोल बाटलीवर गुंडाळून एकमेकींना चिकटवायच्या. आतल्या शीटला चार-सहा भोकं पाडून ठेवा, चिकटवताना अडकलेला सॉल्व्हंट बाहेर पडला नाही तर महिन्याभराने सगळं वेडंवाकडं होतं.

रंगाबद्दल माझं एकच भांडण आहे आणि ते पांढऱ्या सांध्यांशी आहे. जुन्या पुलावर पांढरा सांधा मी अजून पाहिला नाही. चुन्याचा असला तरी तो मळकट करडा, पिवळट होतो, काजळी बसलेल्या ठिकाणी तर सांधा विटेपेक्षा काळा असतो. पांढरा भरला की पूल आलेखाची वही दिसायला लागतो. इथे थोडं गणित करा. लेआउट आपण साधारण ६० सेंटिमीटरवरून बघतो, एचओला ते झालं ५२ मीटर. ५२ मीटरवरून दहा मिलिमीटरचा सांधा डोळ्यात किती कोन करतो? एका मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, दोन तृतीयांश. निरोगी डोळा साधारण एक मिनिटापर्यंतचं वेगळं ओळखतो. म्हणजे खऱ्या पुलापुढे तेवढ्या लांब उभं राहिलात तर सांधा असा ठळक वेगळा दिसत नाही, भिंतीवर एक मंद आडवी लय जाणवते एवढंच. मग मॉडेलवर तो ओरडायला कशाला हवा? अर्थात आता सगळे मोबाइल पुलाच्या नाकाला लावून फोटो काढतात, तेव्हा तेच अंतर आठ-नऊ मीटरवर येतं आणि सगळं उघडं पडतं, म्हणून कोरायचं तर नीटच, फक्त रंगाने दाबून ठेवायचं.

मी आधी पातळ मॅट व्हार्निशचा हात देते कारण क्ले ब्लॉटिंग पेपरसारखी रंग पिते. मग विटेचा मूळ रंग, लालसर तपकिरी, त्याच्यात थोडा करडा मिसळून, शुद्ध लाल अजिबात नाही. तो कडक वाळला की मळकट करड्या रंगाचं अगदी पाणी करून सोडायचं, ते आपोआप फटांमध्ये धावतं, आणि वरचं ओलसर फडक्याने तिरकं पुसायचं, आडवं पुसलं तर फटीतलंही निघून येतं. मग रंगीत पेन्सिली. तीन-चार छटा, दर पंधरा-वीस विटांमागे एखादी वीट, आणि कधी दोन शेजारी शेजारी, कारण दर पंधरावी मोजून रंगवली तर तेही नक्षीसारखं दिसतं. छटा का पडतात तर भट्टीत प्रत्येक विटेला सारखी आच लागत नाही, आगीजवळची जास्त भाजून काळपट होते, लांबची फिकी राहते. लोखंडामुळे वीट लाल, आणि हवा कमी करून जास्त आचेवर भाजली की तीच माती निळी-काळी होते, स्टॅफर्डशायरच्या निळ्या विटा अशाच, फार कठीण, त्यामुळे पुलांच्या दुरुस्तीत त्या हमखास सापडतात. पण एका भट्टीतल्या विटा शेवटी बहिणीच असतात, फरक थोडाच. मोठा फरक फक्त दुरुस्तीच्या ठिगळाला. माझ्या कमानीच्या आतल्या कड्यात एका बाजूला तीसेक निळ्या विटा आहेत, कुणीतरी कधीतरी बदलल्या अशा, आणि भिंतीवर बाहेरून दोन गोल लोखंडी चकत्या, फुगलेली भिंत आरपार सळईने आवळून धरणाऱ्या.

जुनेपणा रंगवताना मी स्वतःला एकच विचारते की पाणी कुठून येतंय. वर खडी, तिच्याखाली भराव, पाऊस त्यातून झिरपून कमानीवर येतो, सांध्यातला चुना विरघळवून बाहेर आणतो आणि पांढरे ओघळ सोडतो. म्हणून लोणा कमानीच्या कड्याखाली, पाणी जायच्या भोकांखाली, कठड्याच्या पट्टीखाली. जमिनीपासून पाच-सात थर ओल चढलेली, तिथे काळपट हिरवं. फुटक्या पाइपाखाली शेवाळाची एक जीभ. भिंतभर सारखा मळ पसरवला की पूल म्हातारा न वाटता नुसता अस्वच्छ वाटतो. काजळीचं तसंच, पुलाखालून रेल्वे जात असेल तर वाफेच्या इंजिनाचा झोत सरळ वर जातो म्हणून काळा पट्टा कमानीच्या पोटाला प्रत्येक रेल्वेमार्गाच्या बरोबर वर, आणि दोन्ही तोंडांना माथ्यावर उमटलेला. दोन मार्ग असतील तर दोन पट्टे. तुमच्या लेआउटवर डिझेलच असेल तर पट्टा जुना, पावसाने थोडा धुतलेला. मी सुकी पावडर मऊ ब्रशने लावते आणि निम्मी पुसून टाकते.

मधे एकदा डोक्यात आलं होतं की खरा एखादा प्रसिद्ध पूलच करावा. इंजिनिअर ब्रुनेलचा इंग्लंडमधला मेडनहेडचा विटांचा रेल्वे पूल, १२८ फुटांच्या दोन चपट्या कमानी, मधली उंची जेमतेम २४ फूट, आजही त्यावरून गाड्या धावतात. एचओला एकेक कमान ४५ सेंटिमीटर, जमेल असं वाटलं. मग जर्मनीतला गोल्ट्श दरीवरचा वाचला, १८५१ ला पूर्ण झालेला, ५७४ मीटर लांब, ७८ मीटर उंच, अडीच कोटींहून जास्त विटा. एचओला साडेसहा मीटरच्या वर. नवऱ्याला नुसतं माप सांगितलं तर तो खोलीच्या भिंतीकडे बघायला लागला, काळजीने.

तिसरा पूल भाच्याने पास केला. त्याने कोपरा नखाने खरवडून बघितला (नशीब व्हार्निश होतं), मग मोबाइलचा टॉर्च लावून कमानीच्या पोटात बघितलं, आणि मग विचारलं की या निळ्या विटा कुणी बदलल्या. मी म्हटलं गँगमनने. कधी? मागच्या पावसाळ्यानंतर. मग ठीक आहे म्हणाला.

आता चौथा चालू आहे, तिरका पूल, रूळ खालच्या रस्त्याला काटकोनात न छेदता तिरके जातात तसला. त्यात कमानीच्या पोटाचे थर सरळ जात नाहीत, स्क्रूच्या आट्यांसारखे पीळ घेत वर चढतात, आणि जिथे कमान भिंतीवर टेकते तिथे करवतीच्या दातांसारखे कापलेले दगड लागतात नाहीतर तिरक्या विटा बसायच्या कशावर. गेला आठवडाभर मी एका पाइपावर कागद गुंडाळून रेघा मारतेय, सोडून बघतेय, परत गुंडाळतेय. कागद सपाट केला की सगळ्या रेघा सरळ आणि समांतर येतात हे कळल्यावर जरा जीवात जीव आला, पण समोरच्या तोंडाला त्या रेघा कड्यांना कशा भेटतात ते अजून जुळत नाहीये, डावीकडे जुळतंय, उजवीकडे पाऊण विटेने चुकतंय.